वेगवान गाडीचे जुने दप्तर

मोटारींविषयी चार शब्द लिहिणाऱ्या माणसाला जे प्रश्न पुनःपुन्हा विचारले जातात, त्यांत एक प्रश्न विशेष आर्जवाने विचारला जातो, आणि विचारणारा बहुधा तिशी-चाळिशीतला, पहिले कर्ज नुकतेच फेडून मोकळा झालेला असा कोणी असतो: जी स्पोर्ट्स कार नवी असताना आपल्या ऐपतीबाहेर होती, तीच आता बारा-चौदा वर्षांनी एखाद्या साध्या नव्या मोटारीच्या भावात मिळत असेल, तर ती का घेऊ नये? प्रश्न सरळ आहे आणि त्यामागची इच्छाही मला निर्मळ वाटते. उत्तम रीतीने घडविलेल्या यंत्राविषयी ओढ वाटणे ही माणसाच्या अंगची एक चांगली वृत्ती आहे. म्हणून "घेऊ नका" असे उत्तर न देता "कशी घ्यावी" हे सांगण्यासाठी हे प्रकरण लिहिले आहे. विवेचन हवेत राहू नये यासाठी एकच गाडी उदाहरणादाखल घेतो: पोर्शे या जर्मन कारखान्याची बॉक्स्टर, आणि तिची २००५ ते २०१२ या काळातली पिढी, जी आपल्याकडच्या जुन्या बाजारात अधूनमधून दिसते.

१. किंमत उतरते, खर्च उतरत नाही

बॉक्स्टर म्हणजे दोन आसनांची, कापडी टपाची, आणि इंजिन आसनांच्या पाठीशी, मागच्या चाकांच्या किंचित पुढे बसविलेली गाडी. १९९३ साली डेट्रॉइटच्या प्रदर्शनात तिचा नमुना मांडला गेला तेव्हा कारखाना आर्थिक विवंचनेत होता. १९९६ साली प्रत्यक्ष गाडी बाजारात आली आणि तिने ती विवंचना पुष्कळशी दूर केली. तिच्या इंजिनातली सहा सिलिंडरे उभी नसून तीन डावीकडे व तीन उजवीकडे अशी आडवी निजलेली असतात. त्यामुळे वजन जमिनीलगत राहते, आणि वळणावर गाडी ज्या निश्चलतेने रस्ता धरते ती अनुभवल्यावाचून कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. गाडीची बाजारातली किंमत मागणीवर ठरते आणि वयाबरोबर झपाट्याने उतरते. परंतु तिच्या ब्रेकच्या चकत्या, क्लच, झटके पचविणारे शॉकअॅब्सॉर्बर यांची किंमत ती गाडी नवी असताना ज्या वर्गातली होती त्याच वर्गातली राहते. सदाशिव पेठेतला पडका वाडा कोणाला कमी किमतीत मिळाला म्हणून त्याच्या कुजलेल्या सागवानी तुळईच्या जागी नवी तुळई घालताना लाकडाचा व्यापारी भाव कमी करीत नाही, तसेच हे आहे. म्हणून मागितलेली किंमत हा खरेदीचा केवळ पहिला हप्ता समजावा, आणि किमतीचा निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळा काढून ठेवता येत नसेल तर व्यवहार पुढे ढकलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आधीच्या मालकाने हा खर्च वेळच्या वेळी केला असेल तर तो आपल्याला करावा लागत नाही. त्याने टाळला असेल तर तोच खर्च आपल्या नावावर चढतो. जुन्या गाडीच्या खरेदीतले सारे कौशल्य या दोन मालकांतला भेद ओळखण्यात आहे.

२. गाडीचा सातबारा

जमीन घेणारा शहाणा माणूस आधी शेतात जात नाही. तो तलाठ्याकडून सातबाऱ्याचा उतारा काढतो, इतर हक्कांच्या रकान्यात कोणाचा बोजा आहे काय हे पाहतो, आणि फेरफाराच्या नोंदी मागे मागे वाचीत जातो. गाडीचे नोंदणीपत्र हा तिचा सातबारा होय. त्यावर मालकाचे नाव, तो कितवा मालक, निर्मितीचा महिना व वर्ष, चॅसिस व इंजिनाचे क्रमांक, आणि गाडी तारण असल्यास कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव असते. परिवहन खात्याच्या 'वाहन' या संगणकीय दप्तरातूनही गाडीच्या क्रमांकावरून यांतला बराच तपशील पडताळता येतो. न भरलेल्या दंडाची चलनेही पाहून घ्यावीत.

बोजा असलेल्या गाडीविषयी विक्रेता "कर्ज केव्हाच फिटले" असे प्रामाणिकपणे सांगत असला, तरी कर्ज फिटणे आणि बोजा उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्ज फिटल्यावर बँकेला बेबाकीचा दाखला द्यावा लागतो, बँक व मालक यांच्या सह्यांचा फॉर्म ३५ परिवहन कार्यालयात रुजू करावा लागतो, आणि मग नोंदणीपत्रावरचे बँकेचे नाव निघते. ते निघेपर्यंत हस्तांतरण अडते.

हस्तांतरणाचा शिरस्ता असा: मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५० व्या कलमानुसार एकाच राज्यातल्या व्यवहारात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते, त्यासाठीचे फॉर्म २९ व ३०. गाडी परराज्यातली असेल तर तिकडच्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, आधी लागते. ही कागदपत्रे केवळ घेणाऱ्याच्याच हिताची आहेत असे समजू नये. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, गाडी हातोहात अनेकांकडे गेली तरी ज्याचे नाव नोंदणीपत्रावर आहे तोच अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी कायद्याच्या दृष्टीने मालक होय.

परराज्यातल्या गाड्यांविषयी थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण मोह तेथेच अधिक होतो. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या कमी भावात निघतात. पुदुच्चेरीत कर कमी म्हणून अनेक महागड्या गाड्यांची नोंदणी तिकडे झालेली असते. अशी गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची तर येथे नव्याने नोंदणी करून येथला कर भरावा लागतो, आणि आयात केलेल्या गाडीवरचा आपला कराचा दर देशात बनलेल्या गाडीहून चढा आहे. तिकडे भरलेल्या करातला उरलेल्या काळाचा भाग परत मिळविण्यासाठी अर्ज व तगादा चालवावा लागतो. हा सर्व हिशोब मांडल्यावर दिल्लीचा स्वस्त भाव पुष्कळदा पुण्याच्या महाग भावाहून वर जातो.

शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, आणि आयात गाडीसाठीचे नूतनीकरणाचे शुल्क साध्या मोटारीच्या कैक पट आहे. ज्या पिढीचा आपण विचार करीत आहो तिच्यातल्या पहिल्या गाड्यांची ही मुदत केव्हाच संपून गेली आहे, म्हणून नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे ते आधी वाचावे.

३. सतरा चिन्हे आणि एक सीमारेषा

चॅसिस क्रमांक हा सतरा चिन्हांचा असतो आणि त्यांतली बरीच चिन्हे काही सांगत असतात. पोर्शेच्या स्पोर्ट्स गाड्यांचा क्रमांक 'डब्ल्यूपी' या अक्षरांनी आणि शून्याने सुरू होतो. दहावे चिन्ह मॉडेलचे वर्ष दाखविते: ८ म्हणजे २००८, ९ म्हणजे २००९, 'ए' म्हणजे २०१०, 'बी' म्हणजे २०११. अकरावे चिन्ह कारखाना सांगते: 'एस' म्हणजे स्टुटगार्ट आणि 'यू' म्हणजे फिनलंडमधले उसिकाउपुंकी हे गाव, जेथे बॉक्स्टर दीर्घकाळ तयार होत असे. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातला क्रमांक, धातूवर ठोकलेला क्रमांक आणि नोंदणीपत्रावरचा क्रमांक ही तिन्ही अक्षरशः जुळली पाहिजेत.

दहाव्या चिन्हाला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी इंजिनाच्या पोटात थोडे डोकवावे लागेल. पिस्टनांच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा इंजिनाच्या मध्यभागी असतो. हवा आत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा उघडमिट करणारे दांडे दोन्ही टोकांना असतात. मधल्या दांड्याची गती टोकांपर्यंत साखळ्यांनी पोहोचविण्यासाठी या इंजिनाच्या जुन्या रचनेत आणखी एक मधला दांडा होता, आणि त्याचे एक टोक छर्‍यांच्या बेअरिंगवर टेकलेले होते. हे बेअरिंग दोन्ही बाजूंनी बंद असल्यामुळे त्यातले मूळचे वंगण कालांतराने निघून जाई आणि इंजिनातले ताजे तेल मात्र त्यात नीट खेळत नसे. बैलगाडीच्या आसाला वंगण मिळाले नाही तर आस करकरतो आणि गाडीवान सावध होतो. येथे मात्र पुष्कळदा कोणतीही सूचना न मिळता बेअरिंग फुटे, दांडा डळमळे, झडपा आणि पिस्टन यांचा परस्परांशी असलेला ताल चुके, आणि काही क्षणांत संपूर्ण इंजिन निकामी होई.

२००१ ते २००५ या मॉडेलवर्षांच्या गाड्यांतल्या या दोषावरून अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि २०१३ साली त्यात तडजोड झाली. त्यानंतरच्या, २००८ पर्यंतच्या इंजिनांत बेअरिंग मोठे केले गेले. ते अधिक टिकाऊ आहे, परंतु इंजिनाचे कवच पूर्ण उघडल्यावाचून बदलता येत नाही. २००९ च्या मॉडेलपासून इंजिन नव्याने आखले गेले आणि तो मधला दांडाच काढून टाकण्यात आला. म्हणून दोन गाड्यांपैकी एक निवडावयाची झाली तर मी रंग, चाके आणि गाण्याच्या यंत्रणेचा विचार बाजूला ठेवून दहाव्या चिन्हाकडे पाहीन, आणि २००९ नंतरच्या गाडीसाठी अधिक पैसे आनंदाने मोजीन. २००९ पूर्वीची गाडी घेऊच नये असे नव्हे. पण तिच्या तेलबदलाच्या पावत्या पूर्ण हव्यात, तेलाचा फिल्टर कापून त्यात धातूचे कण आहेत काय हे पाहिलेले हवे, आणि विशेषतः ३.४ लिटरच्या इंजिनात सिलिंडरांच्या भिंतींवर ओरखडे नाहीत ना हे बारीक दुर्बिणीने तपासलेले हवे.

४. प्रत्यक्ष पाहणी

दर वर्षी दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. तेथे जाणता गिऱ्हाईक घोड्याच्या झुलीकडे पाहत नाही. तो ओठ वर करून दात पाहतो, खूर उचलून पाहतो, आणि मग त्याला चालवून पाहतो. गाडीच्या पाहणीचा क्रमही हाच असावा.

गाडी थंड असतानाच पाहावी, आणि आपण पोहोचण्यापूर्वी ती सुरू करू नये असे आधी कळवून ठेवावे. बॉक्स्टरचे पुढचे झाकण उघडले तर सामानाची जागा दिसते आणि मागचे उघडले तरी सामानाचीच. इंजिन दिसतच नाही, केवळ तेल व पाणी भरण्याची तोंडे मागच्या बाजूस आढळतात. यावरून लक्षात येईल की या गाडीची तपासणी अंगणात उभे राहून होण्यासारखी नाही. ती रॅम्पवर चढवून खालून पाहिली पाहिजे. इंजिन सुरू होताच निळसर धुराचा एक लहान लोट निघून विरला तर घाबरू नये: आडव्या सिलिंडरांत रात्रभर थोडे तेल साचते आणि तेच जळते. निळा धूर चालूच राहिला तर मात्र इंजिन तेल पीत आहे, आणि गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर पाणी सिलिंडरात उतरते आहे असे समजावे.

पुढच्या बंपरच्या दोन्ही तोंडांतून आत पाहिले तर रेडिएटर दिसतात. तेथे पाने आणि कचरा साचून कुजतो आणि धातू खातो. ही साधी जागा ज्याने स्वच्छ ठेवली आहे त्याने उरलेली गाडीही निगुतीने ठेवली असण्याचा संभव पुष्कळ. रंगाची जाडी मोजणारे लहानसे यंत्र मिळते: कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, आणि एखाद्या दरवाजावर ते ६०० किंवा ८०० दाखवू लागले तर तेथे लांबी भरलेली आहे, म्हणजे तो पत्रा कधीतरी चेपलेला होता. टायरवर चार आकडे असतात. २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. अशा गाड्या कमी चालतात, त्यामुळे टायरची नक्षी शिल्लक दिसते आणि रबर मात्र वाळून कडक झालेले असते. गतिरोधकांवर घासून पोटाखालची आवरणे फुटलेली असतात, तीही पाहावीत.

आपल्या प्रदेशात पावसाचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. कापडी टपावरचे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी आत झिरपते, आणि या गाडीत आसनाखाली इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची पेटी असल्यामुळे गालिचा ओला होणे ही किरकोळ बाब राहत नाही. शिवाय महापुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात येतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईत असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या होत्या, आणि लहानमोठे पूर तर नेहमीचेच झाले आहेत. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या वितीवर गाळाची रेघ आहे काय, आसनाखालच्या रुळांवर गंज आहे काय, हे पाहावे. धुणाऱ्याचा हात तेथवर सहसा पोहोचत नाही.

सर्वांत मोलाची साक्ष मात्र गाडीचा संगणक देतो. इंजिनाला सोसवेल त्याहून अधिक वेगाने ते किती वेळा आणि किती तीव्रतेने फिरविले गेले याची नोंद त्यात टप्प्याटप्प्याने असते, आणि इंजिन एकूण किती तास चालले तेही असते. आता त्रैराशिक मांडा. माझ्या एका स्नेह्याने पाहिलेल्या गाडीचे मीटर २४,००० किलोमीटर दाखवीत होते आणि संगणकातले तास होते २,४००. भागाकार केला तर सरासरी वेग ताशी १० किलोमीटर आला. मुंबईची वर्दळ हिशोबात धरूनही हा वेग संभवत नाही. ताशी २५ ची सरासरी धरली तर ती गाडी ६०,००० किलोमीटर धावली असावी. स्नेही काही न बोलता परतला. ही नोंद वाचण्यासाठी कारखान्याचे किंवा त्याच तोडीचे यंत्र लागते, म्हणून विक्रेत्याशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी आणि तिची फी देताना हात आखडू नये. विक्रेता अशा तपासणीला नकार देत असेल तर इसार देण्याचे कारण उरत नाही.

५. आठ टक्के आणि चौदा टक्के

जुन्या गाडीला कर्ज देणारी संस्था आपण ठरविलेल्या किमतीवर कर्ज देत नाही. तिचा मूल्यांकक जी किंमत ठरवील तिच्या काही हिश्श्याइतके देते, आणि कर्ज फिटेपर्यंत गाडीचे वय ठराविक वर्षांपुढे जाऊ नये अशी अट बहुतेक संस्था घालतात. त्यामुळे आपल्या उदाहरणातल्या गाडीला वाहनकर्ज मिळणे कठीण असते आणि लोक वैयक्तिक कर्जाकडे वळतात. घरात मुदतठेव असेल तर तिच्या तारणावरचे कर्ज बहुधा पुष्कळ स्वस्त पडते. तो मार्ग आधी पाहावा.

समजा, २० लाख रुपये पाच वर्षांसाठी हवे आहेत. एक जण म्हणतो, "व्याज आठ टक्के, सपाट." दुसरा म्हणतो, "चौदा टक्के, उतरत्या शिलकेवर." ऐकणाऱ्याला पहिला जवळजवळ निम्म्या दराचा वाटतो. आता हिशोब करू. सपाट दरात २० लाखांवर वर्षाला १ लाख ६० हजार, पाच वर्षांचे ८ लाख. एकूण २८ लाख भागिले ६०, म्हणजे महिन्याचा हप्ता ४६,६६७ रुपये. चौदा टक्क्यांच्या उतरत्या हिशोबाने हप्ता येतो ४६,५३७ रुपये. चौदा टक्के आठ टक्क्यांहून दरमहा १३० रुपयांनी स्वस्त निघाले!

हे कसे झाले? लग्नघरी साठ ताटे भाड्याने आणली आणि रोज एक परत केली असे समजा. ताटवाला उरलेल्या ताटांचेच भाडे लावील तर ती उतरती शिल्लक; शेवटच्या दिवशी एकच ताट घरात असतानाही साठांचे भाडे लावील तर तो सपाट दर. सपाट दरात आपण परत केलेल्या मुद्दलावरही अखेरपर्यंत व्याज भरीत राहतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा किरकोळ कर्जांसाठी कर्जदाराला मुख्य तथ्यपत्रक द्यावे लागते आणि त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहावा लागतो. सहीपूर्वी ते मागून घ्यावे आणि तुलना त्यातल्या आकड्याशीच करावी.

मुदतीचाही विचार हवा. तेच २० लाख चौदा टक्क्यांनी तीन वर्षांत फेडले तर हप्ता ६८,३५५ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ४ लाख ६१ हजार. पाच वर्षांत फेडले तर व्याज सुमारे ७ लाख ९२ हजार. पाच वर्षांच्या कर्जाच्या पहिल्या हप्त्यातले २३,३३३ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल केवळ २३,२०३ रुपयांच्या आसपास उतरते. दोन वर्षे नियमाने ११ लाख १७ हजार भरल्यावरही सुमारे १३ लाख ६२ हजार मुद्दल शिल्लक असते, आणि मध्येच क्लच गेला तर त्याचा खर्च हप्त्याच्या वर. ज्याला तीन वर्षांचा हप्ता झेपत नाही त्याने ही गाडी कर्जावर घेऊ नये, इतके मी खात्रीने सांगेन.

६. ताबा घेताना

जुन्या मालकाचे कर्ज उरले असेल तर तेवढी रक्कम त्याच्या हाती न देता थेट त्याच्या बँकेच्या कर्जखात्यात भरावी आणि पोच घ्यावी. विम्याचे हस्तांतरण चौदा दिवसांत करून घ्यावे: तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता विमा कायद्याने आपोआप आपल्याकडे येतो, पण आपल्याच गाडीच्या नुकसानीचा तसा येत नाही, आणि दावा न केल्याबद्दलची सवलत तर जुन्या मालकाच्या व्यक्तीला चिकटलेली असते, गाडीला नव्हे. चॅसिस क्रमांकाचा पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा फॉर्मावर लावून घ्यावा. दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसचे पुस्तक आणि पावत्या मोजून घ्याव्यात. हरवलेली दुसरी किल्ली नव्याने करून घेणे बरेच खर्चिक असते. आणि पुढच्या सामानाच्या जागेतली हत्यारांची पिशवी उघडून, चोरी होऊ नये म्हणून चाकांना बसविलेल्या विशेष नटांची खाचेदार टोपी तीत आहे की नाही हे विक्रेत्याच्या समक्षच पाहावे, कारण ती नसेल तर पंक्चर काढण्यासाठीसुद्धा चाक उतरवता येत नाही.